हार्ट अटॅकनंतर वडिलांचा एनएलआर नऊच्या वर आलाय, किती घाबरायचं आणि 'इम्यून प्रोफाइल' करायची का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. वडील ६१ वर्षांचे, शुगर आहे, तीन आठवड्यांपूर्वी पहाटे छातीत दुखायला लागलं, ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिऊन थांबले, पाच तासांनी हॉस्पिटलला पोचले, हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक निघाला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, पाचव्या दिवशी घरी. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४२ टक्के. आता फाइल चाळताना तुम्हाला दुसऱ्या दिवशीची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, दिसली, पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट १४,८००, त्यातल्या न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ९ टक्के. नेटवर वाचलं की न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की एनएलआर येतो आणि तो पाचाच्या वर असेल तर अटॅकनंतर मृत्यूचा धोका जास्त. तुम्ही भागाकार केला, ९.३ आला, आणि तेव्हापासून तुमची झोप उडालीय. त्यात एका लॅबने साडेआठ हजारांची 'कार्डियाक इम्यून प्रोफाइल' सुचवली, ज्यात टी सेल, मोनोसाइट अशा पांढऱ्या पेशींचे प्रकार वगैरे बघतात. ती करावी का, आणि इम्युनिटी वाढवायला काढा सुरू करावा का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी बावीस वर्षं आयसीसीयू, म्हणजे हृदयाचा अतिदक्षता विभाग, बघतेय. दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं नाही म्हटलं तर तुमची भीती जागेवरच राहील, कारण तुमच्या प्रश्नात मला दिसतं ते वेगळंच आहे, बाबांच्या बाबतीत काहीतरी मोठं आपल्या नजरेतून सुटतंय का आणि नंतर आपल्याला 'तेव्हाच बघायला हवं होतं' असं म्हणायची वेळ येईल का, ही ती भीती. ती अगदी रास्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी या पेशी हृदयात करतात काय ते बघू, कारण ते कळलं की तो ९.३ निम्मा तरी कळतो. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू मरायला लागतो, मोठ्या अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूच्या शंभर कोटींपर्यंत पेशी जाऊ शकतात. आता हे मेलेलं मांस तिथेच पडून चालत नाही, आणि हृदय काही दोन महिने बंद ठेवून दुरुस्त करता येत नाही, ते धडधडतच राहणार आणि त्याच भिंतीवर मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा दाब येणार. पावसात घराची भिंत पडली आणि माणसं त्याच घरात राहतायत असं समजा. आधी राडारोडा उचलणारे येतात, मग गवंडी. राडारोडा उचलणाऱ्यांतली पहिली टोळी म्हणजे न्यूट्रोफिल, हे काही तासांतच पोचतात आणि पहिले एक-दोन दिवस यांचाच जोर असतो. त्यांच्यामागून मोनोसाइट येतात, रक्तातून हृदयात शिरून त्यांचे मॅक्रोफेज बनतात आणि मेलेल्या पेशी अक्षरशः खाऊन टाकतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हळूहळू दुसऱ्या वळणाच्या पेशी वाढतात, त्या आग शांत करतात, नवीन केशवाहिन्या आणि व्रणाचा धागा विणायला मदत करतात. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९३९ मध्येच शवविच्छेदनातल्या हृदयांवरून लिहून ठेवलंय की लहान अटॅकची जखम भरायला साधारण पाच आठवडे लागतात आणि मोठ्या अटॅकची भरायला दोन महिने. आज स्टेंट आहे, औषधं आहेत, पण व्रण भरायचा हा वेग काही फारसा बदललेला नाही. तुमचे बाबा तीन आठवड्यांवर आहेत म्हणजे त्यांच्या हृदयात गवंडीकाम अजून चालू आहे.

यात महत्त्वाचं हे की दोन्ही टोळ्या लागतात. २००७ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रसिद्ध कामात मोनोसाइटच्या दोन लाटा, आधी सफाईची आणि मग दुरुस्तीची, वेगवेगळ्या दाखवल्या गेल्या, आणि कुठलीही एक लाट अडवली तरी जखम नीट भरत नाही असं दिसलं. आणखी दोन वर्षांनी असंही कळलं की मोनोसाइटचा मोठा साठा प्लीहेत असतो आणि अटॅक आला की तो तिथून बाहेर सोडला जातो, म्हणजे पोटातला एक अवयव छातीतल्या अपघाताला मदत पाठवतो, मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. माणसांतही जपानच्या एका गटाने २००९ मध्ये अटॅकच्या पेशंटचं रक्त रोज तपासलं. पहिल्या प्रकारचे मोनोसाइट तिसऱ्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त होते आणि दुसऱ्या प्रकारचे पाचव्या दिवसाच्या आसपास, आणि ज्यांच्यात पहिली लाट फार उसळली त्यांचा वाचू शकणारा स्नायू कमी वाचला. म्हणजे राडारोडा उचलणारे फार आले आणि फार रेंगाळले तर ते शेजारची चांगली भिंतही खणतात. हे सगळं खरं आहे, भक्कम विज्ञान आहे, तुम्ही नेटवर वाचलंत ते कुणी हवेतून काढलेलं नाही.

आता लिम्फोसाइट कमी का झाले? अटॅकच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन एकदम वाढतं, त्याने न्यूट्रोफिल हाडांच्या मगजातून आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरून रक्तात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात. शिवाय काही टी सेल (हे लिम्फोसाइटच) थेट जखमेकडे जातात, न्यूकॅसलच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की नळी उघडल्यानंतर दीड तासातच काही खास टी सेल रक्तातून झपाट्याने कमी होतात. त्यामुळे अटॅकनंतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली हे चित्र मला जवळजवळ प्रत्येक मोठ्या अटॅकमध्ये दिसतं. नाही दिसलं तरच मी रिपोर्ट परत बघते.

आता तुमचाच आकडा घ्या. टक्केवारी सोडा, खरी संख्या काढा. १४,८०० चे ८४ टक्के म्हणजे साधारण १२,४०० न्यूट्रोफिल. आणि ९ टक्के म्हणजे साधारण १,३३० लिम्फोसाइट. मोठ्या माणसात लिम्फोसाइट हजाराच्या वर असले की आपण ठीक म्हणतो. म्हणजे बाबांचे लिम्फोसाइट खालच्या टोकाला आहेत पण कोसळलेले नाहीत, ९ टक्के दिसतात कारण न्यूट्रोफिलनी सगळी जागा व्यापलीय. भागाकाराचा हाच घोटाळा आहे, वरचं वाढलं का खालचं घटलं हे उत्तरात दिसत नाही, आणि दोन्हींचा अर्थ एकच नसतो. कुठलाही एनएलआर बघताना आधी हे दोन आकडे सुटे करून बघायचे, ही सवय मी आमच्या ज्युनियर डॉक्टरांनाही लावते.

त्यात आणखी काही गोष्टींवर हा आकडा फार अवलंबून असतो आणि त्या मला तुमच्या पोस्टवरून कळत नाहीत. रक्त नक्की कधी घेतलं? छातीत दुखायला लागल्यापासून सहा तासांनी, चोवीस तासांनी का तिसऱ्या दिवशी, यावर एनएलआर दुप्पट-निम्मा होऊ शकतो. हॉस्पिटलला पोचायच्या आधी जवळच्या दवाखान्यात काही इंजेक्शन दिलं होतं का? आमच्याकडे दम लागतोय, घाबरा झालाय म्हणून डेक्सा किंवा हायड्रोकॉर्टिसोन देऊन मग पेशंट पुढे पाठवतात, आणि स्टेरॉइडने न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, हृदयाचा काही संबंध नसताना. बाबा सिगारेट ओढायचे का? ओढणाऱ्यांचा काउंट मुळातच थोडा जास्त असतो. लघवीची नळी होती का, इन्फेक्शन होतं का, शुगर तेव्हा तीनशेच्या पुढे होती का? हे सगळं माहीत नसताना ९.३ वरून कुणी काही भविष्य सांगत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय.

मग त्या अभ्यासांचं काय? बरेच अभ्यास आहेत आणि बहुतेकांचा सूर एकच, ज्यांचा एनएलआर जास्त त्यांच्या गटात मृत्यू, हार्ट फेल्युअर आणि पुन्हा ॲडमिट होणं जास्त. मी हे नाकारत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, 'पाचाच्या वर' ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, प्रत्येक अभ्यास आपल्याच पेशंटच्या आकड्यांतून आपली रेघ काढतो, कुणाची तीनच्या आसपास, कुणाची पाच, कुणाची सातच्या पुढे. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, एनएलआर कुणाचा जास्त येतो? ज्याचा अटॅक मोठा, जो उशिरा पोचला, ज्याचं वय जास्त, ज्याला शुगर आहे, ज्याची किडनी थकलीय, ज्याच्या फुफ्फुसात पाणी भरलंय. आणि मृत्यू कुणाच्यात जास्त? याच लोकांत. म्हणजे एनएलआर बराचसा या सगळ्याची सावली आहे. संशोधक गणिताने या गोष्टी वजा करतात आणि तरी थोडा संबंध उरतो, तो खराही असेल, पण उरतो तो थोडा.

आपल्या देशात अटॅक इतके मोठे होण्याचं एक मोठं कारण सांगू का? उशीर. २००८ मध्ये क्रिएट नावाच्या रजिस्ट्रीचे आकडे आले, भारतातल्या ८९ हॉस्पिटलमधले २०,४६८ पेशंट, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून हॉस्पिटलला पोचायला लागलेल्या वेळेचा मध्य होता ३६० मिनिटं. सहा तास! म्हणजे निम्मे लोक त्याहूनही उशिरा आले. तुमचे बाबा पाच तासांनी पोचले. त्या पाच तासांत जितका स्नायू मेला तितका राडारोडा झाला आणि तितके न्यूट्रोफिल आले, त्यामुळे त्या ९.३ मध्ये ते पाच तासच मोजले गेलेत असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. ते आता परत येणार नाहीत, आणि त्याबद्दल स्वतःला किंवा आईला बोल लावू नका, ॲसिडिटी वाटणं हे इतकं सर्रास होतं की मी दर आठवड्याला ऐकते.

मग आम्ही पेशंटचं भवितव्य कशावरून जोखतो? १९६७ मध्ये किलिप आणि किंबॉल या दोन डॉक्टरांनी अटॅकच्या पेशंटचे चार वर्ग पाडले, नुसता स्टेथोस्कोप, बीपी आणि डोळे वापरून, फुफ्फुसात पाण्याचा आवाज येतोय का, बीपी पडलंय का, हातपाय गार पडलेत का. ते वर्ग आजही चालतात. ग्रेस स्कोअर म्हणून एक गणित आहे, त्यात वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), हाच किलिप वर्ग, इसीजीतल्या एसटी नावाच्या भागातला बदल, रक्तात वाढलेलं हृदयाचं एन्झाइम आणि येताना हृदय बंद पडलं होतं का, एवढ्या गोष्टी लागतात. त्यात पांढऱ्या पेशी नाहीत, एनएलआर नाही. ते घातलं तर अंदाज किंचित सुधारतो असं दाखवणारे पेपर आहेत, पण किंचितच, आणि त्याने उपचार बदलत नाही. बाबा येताना त्यांचं बीपी ठीक होतं, दम नव्हता, पाचव्या दिवशी चालत घरी आले असं तुम्ही लिहिलंय. माझ्यासाठी हे त्या ९.३ पेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

माझ्याच दोन पेशंटबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मध्यंतरी काही वर्षं मी प्रत्येक अटॅकच्या फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलने एनएलआर लिहायचे, मला स्वतःलाच बघायचं होतं. एक शेतकरी आले होते, रात्री पाणी द्यायला गेले असताना शेतातच दुखलं, एनएलआर अकराच्या वर. मी मुलाला जरा गंभीर चेहऱ्याने बोलले. नंतर कळलं वाटेत एका ठिकाणी स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं होतं. ते आज नऊ वर्षं झाली, दर तीन महिन्यांनी येतात, गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवतात आणि आमच्यासाठी हंगामात शेंगा आणतात. दुसरे एक शिक्षक, एनएलआर तीनच्या खाली, पंपिंग चांगलं, माझ्या हिशोबाने सगळ्यात सुखरूप पेशंट. बरं वाटतंय आणि नाकातून थोडं रक्त आलं म्हणून सातव्या आठवड्यात त्यांनी रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या, आम्हाला न विचारता. स्टेंट बंद पडला. पोचेपर्यंत गेले. मी त्यांच्या पत्नीला डिस्चार्जच्या दिवशी 'काही काळजी नाही' म्हणाले होते आणि गोळ्यांबद्दल बोलायला पाच मिनिटं कमी दिली होती, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून मी कोपऱ्यात एनएलआर लिहायचं सोडलं आणि तिथे स्टेंटच्या गोळ्या कुठल्या तारखेपर्यंत चालवायच्या ते लाल पेनने लिहायला लागले.

याचा अर्थ सीबीसी बिनकामाची असा घेऊ नका हं. मी ती बघते, पण वेगळ्या डोळ्यांनी. एका आकड्यापेक्षा उतार बघते. दुसऱ्या दिवशी १४ हजार, चौथ्या दिवशी १० हजार, असं उतरत असेल तर ठीक. चौथ्या-पाचव्या दिवशी काउंट परत चढायला लागला तर मी सलाइनची जागा दाबून बघते, लघवी तपासते, छातीचा एक्स-रे करते, कारण तिथे बहुतेक वेळा इन्फेक्शन सापडतं आणि त्यावर लगेच काही करता येतं. हिमोग्लोबिन बघते, कारण रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असताना ते दोनने उतरलं तर पोटात कुठेतरी रक्त जातंय का हे शोधावं लागतं. प्लेटलेट बघते, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या इंजेक्शनमुळे त्या कधी कधी पडतात. तुमच्या फाइलमध्ये डिस्चार्जच्या दिवशीची सीबीसी असेल तर ती काढा आणि त्या १४,८०० च्या शेजारी ठेवा, तुम्हालाच कळेल.

आता त्या साडेआठ हजारांच्या प्रोफाइलकडे येते. त्यात फ्लो सायटोमेट्री नावाच्या तंत्राने पेशींवरच्या खुणा बघतात, सीडी ४, सीडी ८, मोनोसाइटसाठी सीडी १४ आणि सीडी १६. तंत्र उत्तम आहे, ब्लड कॅन्सरच्या निदानाला ते लागतंच, एचआयव्हीच्या पेशंटमध्ये सीडी ४ वरून निर्णय घेतले जातात. मोनोसाइटच्या खुणांचा हृदयरोगाशी संबंधही दाखवलेला आहे, जर्मनीत अँजिओग्राफीला आलेल्या ९५१ लोकांत मधल्या प्रकारचे, म्हणजे सीडी १४ आणि सीडी १६ दोन्ही असलेले मोनोसाइट ज्यांच्यात जास्त त्यांना पुढे हृदयाचे त्रास जास्त झाले असं २०१२ मध्ये छापून आलं. पण हे संशोधनाचं हत्यार आहे. रक्त किती वेळात मशीनवर गेलं, कुठली पेशी कुठल्या गटात मोजायची याची रेघ टेक्निशियनने कुठे ओढली, यावर उत्तर हलतं. आणि समजा रिपोर्ट आला, 'इंटरमीडिएट मोनोसाइट वाढलेले', तर तुमचे डॉक्टर काय करणार? ॲस्पिरिन तीच, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन तेच, बीपीची गोळी तीच. कुठलीही तपासणी करायच्या आधी मी स्वतःला विचारते की हा रिपोर्ट चांगला आला किंवा वाईट आला तर उद्या सकाळच्या गोळ्यांत काही फरक पडणार आहे का, नसेल तर पेशंटच्या शिरेत सुई कशाला घालायची. ते साडेआठ हजार जपून ठेवा, पुढचा एको, लिपिड, क्रिएटिनिन, एचबीए१सी आणि फ्लूची लस याला वापरा.

तुम्ही कदाचित म्हणाल की या पेशी जर इतकं नुकसान करतात तर त्यांना दाबायचं औषध का देत नाहीत. हा प्रश्न डॉक्टरांनाही पन्नास वर्षं पडलाय आणि त्याचं उत्तर शोधताना बरेच हात पोळलेत. १९७० च्या दशकात अटॅकच्या पेशंटना स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन बघितले, तेव्हा जखम भरण्यात अडथळा येतोय, स्नायूचं नुकसान वाढतंय अशी भीती निर्माण झाली आणि ते मागे पडलं. मग न्यूट्रोफिलना भिंतीला चिकटूच द्यायचं नाही अशी अँटिबॉडी आली, प्राण्यांत छान चालली, माणसांत काहीच फायदा नाही. कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली संरक्षण यंत्रणा अडवणारं औषध २००७ मध्ये ५,७४५ पेशंटवर तपासलं, तेही व्यर्थ. या मोठ्या चाचण्यांत पहिलं ठोस यश २०१७ ला, कँटोस नावाच्या चाचणीत. पूर्वी अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी (रक्तातली दाहाची, म्हणजे या पेशींनी पेटवलेल्या आगीची, खूण) २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ लोक, त्यांना दाह पेटवणारा इंटरल्यूकिन-१ बीटा हा रेणू अडवणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी टोचलं. कोलेस्टेरॉल जसंच्या तसं, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला अटॅक, स्ट्रोक आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे दाह हा नुसता साक्षीदार नाही, गुन्ह्यात त्याचाही हात आहे, हे सिद्ध झालं. पण जीवघेणी इन्फेक्शन वाढली आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत, शिवाय ते औषध अतिशय महाग. पाठोपाठ मेथोट्रेक्सेटचा छोटा डोस ४,७८६ लोकांत तपासला, शून्य फायदा. दाह कमी करायचा म्हणजे नक्की कुठला धागा ओढायचा हे महत्त्वाचं ठरलं, सगळाच विणलेला कपडा उसवून चालत नाही.

मग आलं कोल्चिसिन, आपलं जुनं गाऊटचं स्वस्त औषध. २०१९ मध्ये कोलकॉट चाचणीत ४,७४५ लोकांना अटॅकनंतर ३० दिवसांच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केलं, तर हृदयाच्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्के झाल्या. आम्ही सगळे खूश. मग २०२४ मध्ये क्लिअर सिनर्जी ही त्याहून मोठी चाचणी आली, ७,०६२ लोक, बहुतेक अँजिओप्लास्टी झालेले, आणि त्यात कोल्चिसिन आणि औषध नसलेली साधी गोळी यात काही फरकच दिसला नाही. त्यामुळे आज गाइडलाइनमध्येही 'विचार करता येईल' इतपतच आहे. मी स्वतः मोजक्या पेशंटना देते, ज्यांचं सगळं नीट चालू असूनही पुन्हा त्रास होतोय अशांना, किडनी बघून, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक चालू नाही ना हे बघून, कारण दोन्ही एकत्र आली तर कोल्चिसिन रक्तात साचून विषारी ठरू शकतं. तुम्ही मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका, कृपा करून.

इथपर्यंतचं दोन वाक्यांत सांगायचं तर, दुसऱ्या दिवशीचा ९.३ हा मोठ्या अटॅकला शरीराने दिलेला अपेक्षित प्रतिसाद आहे, आणि त्या आकड्याला खाली आणणारा असा कुठला उपचार आज नाही ज्याने बाबांचं आयुष्य वाढेल. तुमच्या हातात जे आहे ते दुसरीकडे आहे.

काढ्याबद्दल आधी. इम्युनिटी 'वाढवायची' म्हणजे काय, हे वर वाचून तुमच्याही लक्षात आलं असेल, आत्ता आपल्याला राडारोडावाल्यांनी वेळेत निघून जावं आणि गवंड्यांनी शांतपणे काम करावं असं हवंय, आणखी माणसं बोलावायची नाहीत. आलं-तुळस घातलेला घरचा चहा प्या, कुणी अडवत नाही. पण गुळवेलीचे अर्क, चूर्ण, कॅप्सूल नको. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवलेत, आणि बाबांना स्टॅटिनचा मोठा डोस चालू असणार, त्यात लिव्हरची एन्झाइम वाढली तर कुणामुळे वाढली तेच कळणार नाही आणि मग स्टॅटिन बंद केलं जातं, जे त्यांना खरं हवंय.

दुसरं, आणि हे तुम्ही विचारलंच नाहीत पण मी प्रत्येकाला सांगते. गुडघेदुखी, कंबरदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक अशा गोळ्या द्यायच्या नाहीत. डेन्मार्कमध्ये अटॅक येऊन गेलेल्या ८३ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी बघितल्या तेव्हा या गोळ्या थोडे दिवस घेणाऱ्यांतही मृत्यू आणि पुन्हा अटॅक जास्त दिसले, डायक्लोफिनॅकमध्ये तर अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनचं कामच अडवू शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि तेही सांगून. घरातली औषधांची डबी आजच काढा आणि या पट्ट्या बाजूला करा.

तिसरं, फ्लूची लस. २०२१ मध्ये आयएएमआय नावाच्या चाचणीत २,५७१ लोकांना, ज्यातले बहुतेक नुकताच अटॅक आलेले, ॲडमिट असतानाच फ्लूची लस किंवा नुसतं सलाइन टोचलं. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंट बंद पडणं हे सगळं मिळून लस न मिळालेल्यांत ७.२ टक्के आणि लस मिळालेल्यांत ५.३ टक्के, आणि एकूण मृत्यू ४.९ वरून २.९ टक्के. इम्यून सिस्टिमसाठी काही करायचंच असेल ना, तर हे करा. आमच्याकडे अजूनही कितीतरी ठिकाणी डिस्चार्ज कार्डवर ही लस लिहिली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा.

मग गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कुठल्या, आणि दुसरी किती महिने चालवायची ते नाव आणि तारखेसकट लिहून घ्या, दात काढायचा असो किंवा नाकातून रक्त येवो, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवायची नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चार ते सहा आठवड्यांनी बघा, ५५ च्या खाली हवं, नसेल तर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडायची का ते विचारा. पंपिंग ४२ टक्के आहे म्हणून त्यासाठीच्या गोळ्या चालू आहेत का, आणि शुगर असल्यामुळे ग्लिफ्लोझिन गटातली गोळी बसते का, हेही विचारा. चालणं रोज थोडं थोडं वाढवा. आणि सहा आठवडे ते तीन महिने या काळात एको परत करायचाच, कारण पहिल्या एकोत काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, मेलेला नसतो, आणि ४२ चे ५० झालेले मी खूपदा बघितलेत. उलट खाली गेलं तर तेही वेळेत कळायला हवं.

सीबीसी तेव्हा करायला हरकत नाही, साधी. तुमच्या मनाची शांती व्हायची असेल तर त्याच वेळी एचएस-सीआरपी करा, त्याआधी नको, अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ते वाढलेलंच असतं. सर्दी-ताप असताना रक्त देऊ नका. १० च्या वर आलं तर हृदयाआधी इन्फेक्शन शोधायचं, २ च्या वर आलं तर दोन आठवड्यांनी परत करून मग तुमच्या कार्डिओलॉजिस्टशी त्यावर बोलायचं.

मधल्या काळात चालताना नव्याने दम लागला, रात्री दोन उशा लागायला लागल्या, पायावर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, शौचाला काळी झाली किंवा छातीत परत तसंच दुखलं, तर कुठल्याही आकड्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल, आणि या वेळी सोडा नाही.

डिस्चार्जच्या दिवशीची सीबीसी सापडली तर तिचे आकडे इथेच टाका, रक्त कोणत्या तारखेला किती वाजता घेतलं आणि आधी कुठे इंजेक्शन दिलं होतं का तेही लिहा, मी बघून सांगते.